झिरोचा बल्ब

टिक्. एवढाच आवाज झाला आणि पॅसेज गेला. म्हणजे पॅसेज होता तिथेच, डावीकडचं देवघराचं कपाट आणि उजवीकडचं बाथरूम सांभाळत. पण गंधालीच्या तोंडात टूथपेस्टचा फेस, हातात ब्रश, आणि समोर रोज जे असायचं त्यातलं काहीच नाही. झिरोचा बल्ब गेला होता. लाल, बोराएवढा, देवळातल्या समईसारखा मिणमिणणारा, तिच्या खोलीचं दार आणि हॉल यांच्या बरोबर मध्ये वर्षानुवर्षं जळत असलेला. ती किंचाळली नाही. हे तिने नंतर स्वतःला पुन्हापुन्हा सांगितलं. किंचाळायला तोंड रिकामं लागतं. ती नुसती उभी राहिली, पेस्टचा फेस हनुवटीवरून खाली उतरू दिला, आणि तिच्या लक्षात आलं की आपले पाय आपल्याला दिसत नाहीत, तर ते आहेत हे आपण कशावरून म्हणतोय. तेवढ्यात हॉलमधून आजोबांचा आवाज आला, जरा जास्तच मोठा. "घाबरू नको गो बाय, मी हय आसंय." आणि मग दिवाणाची करकर, चपलांची फटफट, दार. बाबा ओरडले, "अण्णा, उद्या आणतो मी, गुडघा बघा तुमचा." पण जयवंत परब, गिरणीतून निवृत्त, वय पंचाहत्तरच्या पुढे, लिफ्टमध्ये शिरलेसुद्धा होते. खाली दुकानाचं शटर अर्धं ओढून झालं होतं, ते त्यांनी वर करायला लावलं. "आमची बाय काळोखाक घाबारता" हे त्यांनी दुकानदाराला सांगितलं, वॉचमनला सांगितलं, येताना लिफ्टमध्ये भेटलेल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं. म्हणजे आता बी विंगमध्ये ज्याला माहीत नव्हतं असं कोणी उरलं असेल, तर त्यालाही कळलं.

आणि हे नेमकं त्याच दिवशी व्हावं. त्याच दिवशी सकाळी बाईंनी वर्गात विचारलं होतं की हिवाळ्यातल्या निसर्गशिबिराला कोण येणार. आठवडाभर, सह्याद्रीत, तंबूत, मोबाइल नाही, वीज नाही. आणि गंधालीचा हात वर गेला होता. हल्ली तिचा हात तिला न विचारता वर जायचा. गॅदरिंगपासून हे सुरू झालं होतं. सूत्रसंचालन करता करता माइक बंद पडला, आणि जी मुलगी हजेरीला 'प्रेझेंट' इतकं हळू म्हणायची की बाई गैरहजेरी लावायच्या, तिच्या पोटातून कुठून तरी एक आवाज वर आला, शेवटच्या रांगेपर्यंत गेला, आणि अख्खा हॉल हसला. तिच्यावर नाही, तिच्यासोबत. तेव्हापासून तो आवाज म्हणजे तिला नवा दात आल्यासारखा होता. सारखी जीभ लावून बघावीशी वाटायची, आहे ना. "अगं, तिथे लाइट नसते हां," शेजारच्या प्रांजलने कोपराने ढोसलं होतं. "मग? अंधार काय खातो?" गंधाली म्हणाली होती, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी. संध्याकाळभर ते वाक्य तिला आवडत राहिलं होतं. आता आजोबा स्टुलावर चढून नवा बल्ब फिरवत होते, बाबा खालून स्टूल धरून कुरकुरत होते, आणि लाल उजेड परत आला तसं तिला तिचं वाक्य कोणीतरी दुसऱ्याने, फार मूर्ख मुलीने म्हटल्यासारखं ऐकू आलं. शिबिरात पहिल्याच रात्री आपण रडलो तर? शेजारी प्रांजल, पलीकडे बी तुकडीच्या मुली. जो आवाज पोटातून वर आला तो परत पोटात जाईल आणि मग कायमचा तिथेच राहील. आणि नाव काढून घेतलं, तरी तेच होईल.

म्हणून दुसऱ्या दिवशी जेवताना तिने सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीत आपण सगळे कॅम्पिंगला जाऊ. "मला बघायचंय." आईने विचारलं, "काय बघायचंय?" "अंधार." बाबा म्हणाले, "त्यासाठी एवढ्या लांब कशाला? विजेचं बिल नाही भरलं की इथेच येईल." पण गंधालीला माहीत होतं, मुलुंडला अंधार येत नाही. दिवे मालवले तरी हायवेचा नारिंगी उजेड ढगांना लागून परत खाली येतो, समोरच्या टॉवरच्या लिफ्टचा दिवा चढत-उतरत राहतो, मोडेमचा हिरवा ठिपका डोळे मिचकावतो. अंधाराचं नाव तिला माहीत होतं, तो कधी भेटला नव्हता. आणि जो कधी भेटलाच नाही त्याला आपण घाबरतो हे आपल्याला कसं कळलं, असा एक विचार तिच्या डोक्यात येऊन, न बसताच, निघून गेला.

घर कशाचं बनलेलं असतं ते बांधाबांध करताना कळतं. आई, म्हणजे दर्शना परब, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, दुसऱ्यांच्या पोरांना स्वावलंबन शिकवणारी, तिने पहिल्यांदा काय भरलं तर पाणी. दोन मोठे कॅन, घरचं, गाळून उकळून गार केलेलं. "बाहेरचं पाणी मला बाधतं." बाबा म्हणाले, "अगं, आपण ज्या बाजूला चाललोय, तिथल्याच तलावांतून पाइपने हे मुलुंडला आलंय." "आलंय ना? मग आता ते आपलं झालं." स्वतः बाबांनी बॅटरीवर चालणारा एक पंखा आणला, वाऱ्यासाठी नाही, घरघरीसाठी. नंदकिशोर परबांना घरघर नसली की झोप लागत नाही. लहानपणीच्या लालबागच्या खोलीत डोक्यावर जो पंखा होता तो इतका वाजायचा की त्याच्या आवाजाखाली सगळ्यांची भांडणं झाकली जायची. आणि गंधालीने ठरवलं होतं की आपण काहीही घ्यायचं नाही. तिची पाठपिशवी इतकी हलकी होती की तिला स्वतःचाच अभिमान वाटला. आजोबा मात्र कोणाला काही दाखवेनात. एक नारळ, विड्याची पानं, सुपारी, आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी, जे त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि गाडीत सबंध रस्ताभर त्यावर तळहात ठेवून बसले.

शहापूर मागे पडलं, मोठा रस्ता मागे पडला, आणि एका वळणावर तलाव आला. आला म्हणजे असा, की गाडीत बोलणं बंद झालं. गंधालीने पाणी पाहिलं होतं, समुद्र पाहिला होता, पण समुद्र सारखा काहीतरी म्हणत असतो. हे पाणी काहीच म्हणत नव्हतं. पलीकडचा डोंगर त्यात उलटा उभा होता, आणि तो मूळ डोंगरापेक्षा खरा वाटत होता. तिच्या छातीत काहीतरी रुंद झालं. आई नुसती काचेतून बघत राहिली. मग म्हणाली, "हे आपलं पाणी?" आणि मागच्या कॅनकडे तिने एकदा असं पाहिलं की बाबांना हसू दाबावं लागलं. काठावर सात-आठ तंबू होते. एकात घाटकोपरचं एक गुजराती कुटुंब, थेपल्यांचे डबे उघडून बसलेलं. दुसऱ्यात अंधेरीच्या कुठल्याशा ऑफिसातली पोरंपोरी, स्पीकर लावून. कॅम्प चालवणारी कल्पिताताई त्यांना तंबू दाखवत होती, तेवढ्यात आजोबांनी खिशातला रुमाल काढला, घडी घडी उलगडला, आणि आतून झिरोचा बल्ब निघाला.

"होल्डर खय आसा?" त्यांनी कल्पिताताईला विचारलं.

"आजोबा, इथे लाइटच नाही. चार्जिंगचे कंदील आहेत, ते पण जेवणं झाली की बंद. लोक त्याच्यासाठी तर येतात."

"अण्णा," बाबा म्हणाले, "नुसता बल्ब कशाला आणलात?"

"नारळ आणताना झाड आणतत काय?" आजोबा म्हणाले. पण ते नेहमीसारखे हसले नाहीत. बल्ब हातात धरून ते तंबूच्या छताकडे बघत राहिले, तिथे कुठेतरी एक होल्डर लपलेला असेल आणि नीट शोधला तर सापडेल असे. गंधालीला एकाच वेळी त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि तिथून पळून जावंसं वाटलं, कारण स्पीकरवाल्यांपैकी एक मुलगी बघत होती. तो बल्ब कोणासाठी आणलाय हे आता इथेही सगळ्यांना कळणार. "आजोबा, मला नकोय तो," ती पुटपुटली. "मी त्याच्याशिवायच झोपणार आहे. तेच तर बघायचंय."

ऊन डोंगरामागे गेलं तेव्हा आजोबा उठले. चपला काढल्या. तंबूमागे एक उंबर होता, त्याच्या बुंध्याशी एक साधा दगड. त्याला शेंदूर नव्हता, काही नव्हतं, पण त्यांनी तोच निवडला. दगडासमोर पान मांडलं, सुपारी, नारळ, आणि सगळ्यांच्या शेवटी तो लाल बल्ब. पुढे काय होणार हे गंधालीला माहीत होतं. परक्या जागेत झोपायचं तर त्या जागेच्या राखणदाराला आधी सांगावं लागतं. गावी घराचा पाया खणताना सांगतात, लग्न ठरवताना सांगतात, मुलुंडच्या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा आजोबांनी चौथ्या मजल्यावरच्या टाइल्सना सांगितलं होतं. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. ते मोठ्याने घालतात, आणि घरातल्या सगळ्यांना प्रत्येक वाक्याला होकार द्यावा लागतो, त्यातून सुटका नाही. "अण्णा, मनातल्या मनात घाला ना," आई हळूच म्हणाली. "राखणदार मनात रवता काय?" आजोबा म्हणाले, आणि हात जोडून त्यांनी आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाबा एकटेच, चपलेच्या टोकाने माती उकरत.

"आज ह्यो जयवंत आपल्या झिलाक, सुनेक नि नातीक घेवन तुझ्या जाग्यार इलो हा. आमका तुझी वळख नाय, पण तुका आमची वळख आसांदे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता आईसुद्धा.

"ह्यो माजो झील नंदू. पंखो घरघरल्याशिवाय ह्येका निज येणा नाय. ही सून. हिणा घरचा पाणी आणल्यान हा. तुझ्या तळ्याचो अपमान करूक नाय, म्हाराजा, सवय नाय म्हणान." आईने डोळे मिटले. स्पीकर मघाशीच बंद झाला होता, आणि बंद झाल्याचं गंधालीला आत्ता कळलं. "आणि ही माजी नात गंधाली. ही शाळेतसून रानात जावची हा. शाणी आसा, बोलणारी आसा. पण ही काळोखाक घाबारता, म्हाराजा. ह्यो तिचो दिवो. आजच्या राती तुझ्याकडे ठेव, नि तू तिच्या उशाक बस, म्हाराजा."

होकार द्यायचा सोडून बाबा तिच्याकडे बघत होते. तिचे कान इतके तापले होते की तिला वाटलं ते लाल दिसत असतील, बल्बसारखे, जळत असतील. सगळ्यांसमोर. एका दगडापुढे, थेपलेवाल्या काकूंपुढे, त्या मुलीपुढे. आणि मग मागून, अंधेरीच्या तंबूकडून, दाढी वाढवलेल्या आणि दंडावर कसलंसं चित्र गोंदवलेल्या एका धिप्पाड मुलाने खणखणीत आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा." सगळे वळले. तो जरा ओशाळला. "कणकवली," तो छातीवर बोट ठेवून म्हणाला. "आजोबा थांबलेत. मध्येच थांबवू नये." तेव्हा गंधालीच्या पोटातून तो आवाज आला. तिने बोलावला नव्हता. "व्हय म्हाराजा," ती म्हणाली, आणि ते तिच्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठं झालं, तलावावर गेलं, पलीकडच्या डोंगराला लागलं, आणि परत आलं. आलं ते तिच्या आवाजात आलंच नाही, कोणा मोठ्या, म्हाताऱ्या, शांत माणसाच्या आवाजात आलं. म्हाराजा. तिच्या हातांवर शहारा उठला. आपण विचारलं, आणि कोणीतरी हो म्हणालं. प्रतिध्वनी असतो तो, सहावीच्या विज्ञानात आहे, तिला माहीत होतं. पण माहीत असल्याने शहारा खाली बसला नाही.

जेवणं झाल्यावर तिने सगळ्यांचे मोबाइल गाडीत नेऊन ठेवायला लावले. कंदील गेले. तंबूत चौघं एका ओळीत: आजोबा दाराशी, मग ती, मग आई, मग बाबा, आणि त्यांचा पंखा, जो थोडं घरघरून दमला आणि थांबला. गंधाली पाठीवर झोपली आणि डोळे मिटून वाट बघू लागली, परीक्षेत पेपर वाटायच्या आधी बसतात तशी. मिटलेल्या डोळ्यांमागचा अंधार तिच्या ओळखीचा होता, तो घरचाच होता; उघडले की दुसरा सुरू होणार. आता उघडते. नको, अजून जरा. मनाची तयारी झाली की उघडायचे. तयारी करता करता तिला आठवत राहिलं ते काय, तर आजीच्या बांगड्या, विमलाआजीच्या, तांदूळ निवडताना वाजायच्या त्या; आजी गेली तेव्हा गंधाली बालवाडीत होती, आणि त्यानंतरच कधीतरी पॅसेजमध्ये तो लाल बल्ब आला होता, स्टुलावर आजोबा, खाली बाबा, आणि आजोबा म्हणत होते, बाय घाबारता, आणि ती त्या वेळी खाली बसून खडूने फरशीवर मासा काढत होती. मासा अर्धाच आठवला.

मग ती जागी होती. डोळे उघडले होते की नव्हते हे कळायला तिला बोटाने पापण्या चाचपाव्या लागल्या. उघडे होते. आणि समोर काही नव्हतं. म्हणजे काळं असं काही नव्हतं, काळा हासुद्धा एक रंगच असतो, हे त्याच्याही अलीकडचं. तिने हात डोळ्यांसमोर आणला, हात आला नाही. बोटं हलवली, तर हवा हलली. तिने भीतीची वाट पाहिली. भीती येणार हे ठरलेलंच होतं, सगळ्या बी विंगला माहीत होतं, आजच राखणदारालाही कळवलेलं होतं. भीती आली नाही. जे आलं ते फार मोठं होतं आणि त्याला नाव नव्हतं. अंधार रिकामा नव्हता. तो भरलेला होता, काठोकाठ, आईच्या श्वासाने, कापडाबाहेरच्या रातकिड्यांनी, लांब पाण्यात डुबुक वाजून गेलेल्या माशाने. आणि त्यात तिला तिची कडा सापडेना. घरी ती खोलीत असायची, पलंगावर असायची, आरशासमोर असायची. इथे ती नुसती होती. जिथपर्यंत ऐकू येतंय तिथपर्यंत तीच. इतकी मोठी ती कधी नव्हती, गॅदरिंगच्या दिवशीसुद्धा नाही. आणि मग तिला साधी गोष्ट कळली आणि हसूच आलं: आपण झोपलो होतो. परीक्षा होऊन गेली आणि आपल्याला कळलंही नाही. आता बाईंना जाऊन काही सांगायचंच नव्हतं. नाव होतं तिथेच राहणार होतं.

डाव्या बाजूला तिने हात टाकला. आजोबांची चादर गार होती.

दाराची चेन अर्धी उघडी होती. ती रांगत बाहेर आली आणि वर पाहिलं, आणि तशीच रांगत्या अवस्थेत थांबली. चांदण्या म्हणजे मध्ये मध्ये असतात असं तिला वाटायचं. इथे मध्ये जागाच नव्हती, रिकामं आकाश शोधावं लागत होतं. पूर्वेला डोंगराची कड कुठे आहे हे फक्त चांदण्या जिथे संपत होत्या त्यावरून कळत होतं. तिला कोणाला तरी बोलवावंसं वाटलं आणि कोणाला बोलवू नये असंही. तेवढ्यात अगदी जवळ, दाराशीच, कोणीतरी श्वास घेतला.

"आजोबा?"

"निज तू, बाय."

"तुम्ही कधीपासून बसलात इथे?"

तिने हात पुढे केला, त्यांचा खांदा लागला, मग दंड, मग मूठ. मूठ घट्ट होती आणि गार घामाने ओली. तिने बोटं उलगडायला बघितली तर आत काच लागली.

"हा देवाला दिला होता ना?"

"दिललंय. पण होल्डर त्येच्याकडेय नाय." आजोबांनी हसायचा प्रयत्न केला, आणि त्यांचा आवाज मध्येच फाटला. "लय काळोख आसा गो. पोरगो असताना गावात होतो असो. मगे मुंबैत इलंय, चाळीत गॅलरीचो दिवो तोंडार, गिरणीत रातपाळी, थय दिवसच. मगे तुझी आजी होती. मगे..." मग काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. त्याची गरज नव्हती. खडूचा मासा गंधालीला पूर्ण आठवला, शेपटीसकट. ती घाबरलेली नव्हतीच. ती मासा काढत होती. वर स्टुलावर एक माणूस, ज्याची बायको महिन्यापूर्वी गेली होती, ज्याने आयुष्यभर कोणाकडे काही मागितलं नव्हतं, तो दिवा लावून घेत होता आणि नाव तिचं सांगत होता. आणि तिने ते नाव घेतलं, मोठ्या मापाचा स्वेटर घालावा तसं, आणि वाढत वाढत त्यात बसलीसुद्धा. तिला राग यायला हवा होता. ती वाट बघत राहिली, पण रागही आला नाही. आलं ते मघासारखंच, मोठं आणि बिननावाचं. हा माणूस आज तिच्यासाठी गाडीत बसला होता. गुडघा वाकवून, खिशात एक बल्ब घेऊन, ज्या एका गोष्टीपासून तो इतकी वर्षं तोंड लपवत होता, तिच्या अगदी पोटात येऊन बसला होता. नातीला रानात जायचंय म्हणून. आकाशात जे दिसत होतं त्यापेक्षा हे तिला खोल वाटलं.

ती त्यांना टेकून बसली. त्यांची मूठ, बल्बसकट, तिने दोन्ही हातांत घेतली. काही तरी म्हणायला हवं होतं, आणि 'घाबरू नका' हे वाक्य इतकं वापरून झालं होतं की त्यात काही उरलं नव्हतं. मग तिने समोर, जिथे तलाव असायला हवा तिथे, तोंड केलं.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली. हळू, पण पोटातून. तिची मालवणी धड नव्हती, शाळेची आणि घरची एकात एक मिसळलेली. "संध्याकाळी गाऱ्हाण्यात एक चूक झाली, म्हाराजा. दिवा माझा नाय. माझ्या आजोबांचो. ते माझ्यासाठी इलेत. उजाडेपर्यंत तू त्यांच्या उशाक बस. एका बाजूला तू बस, एका बाजूला मी बसतंय."

आजोबांचा खांदा थरथरला. ते रडत होते की हसत होते हे अंधारात कळायला मार्ग नव्हता, आणि तिने चाचपून पाहिलं नाही. आणि मग पाठीमागून, तंबूच्या कापडापलीकडून, झोपेचा मागमूसही नसलेल्या आवाजात बाबा म्हणाले,

"व्हय म्हाराजा."

त्याच्या मागोमाग आईचा, नाक ओढलेला. "व्हय म्हाराजा."

म्हणजे कोणीच झोपलं नव्हतं. पंखा थांबल्यापासून बाबा जागे होते, बाबा जागे म्हणून आई जागी होती, आणि आजोबा तर इथे. सगळी रात्र चौघांतले तिघं आपापल्या काळोखात, एकमेकांना कळू न देता, डोळे उघडे ठेवून पडले होते. त्या तंबूत झोप लागली होती ती फक्त एकीला, काळोखाला घाबरणाऱ्या मुलीला. गंधालीने आजोबांच्या मुठीवरची पकड सोडली नाही. तिच्या हातांत बल्ब हळूहळू कोमट होत होता.